अठरा वर्षांनंतर काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. याच वस्तीतले काही आईबाप आहोत, आणि विशेष शाळेत बरीच वर्षे शिकवलेल्या दोन बाई आमच्याबरोबर आहेत. आमच्यापैकी कोणाच्या घरी न बोलणारा मुलगा आहे, कोणाची मुलगी खुर्चीवरून उठू शकत नाही, कोणाचा मुलगा वीस वर्षांचा झाला तरी त्याला शंभराचा हिशोब कळत नाही. महिन्यातून एका रविवारी आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत बसतो. तिथे जे बोलणे होते, त्यातले कामाचे तेवढे आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी एका शब्दाबद्दल सांगतो. आमच्या लहानपणी आंधळा, मुका, लंगडा, वेडा हे शब्द सर्रास चालायचे. पुढे सरकारी कागदावर अपंग, मतिमंद हे शब्द आले. आता दिव्यांग म्हणतात, आणि मतिमंदऐवजी बौद्धिक अक्षमता असे लिहितात. शब्द बदलले हे बरेच झाले. पण चाळीत हाक मारताना यांतला एकही शब्द लागत नाही. त्या पोराला आईबापांनी नाव ठेवलेले असते. त्या नावाने हाक मारा, एवढेच आमचे म्हणणे.

आता मूळ विषयाकडे वळतो. मूल लहान असते तेव्हा धावपळ असते, पण रस्ता दिसत असतो. दवाखाना आहे, शाळा आहे, बाई आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात एकवीस प्रकार आहेत. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, आणि विदर्भातल्या आपल्या कितीतरी घरांना ठाऊक असलेला सिकलसेलसुद्धा आला. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे.

सहा ते अठरा! आणि अठरा पूर्ण झाली की पुढे काय?

शाळेत निरोप समारंभ होतो, फोटो निघतो, हातात दाखला येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा नेहमीप्रमाणे तयार होऊन दाराशी बसतो, आणि शाळेची गाडी येत नाही. पहिले चार दिवस तो विचारतो. मग विचारायचे सोडून देतो. टीव्ही, मोबाईल, खाणे, झोपणे. अंग सुटते, चिडचिड वाढते. शाळेत आलेले, स्वतःचा डबा उघडणे, रांगेत उभे राहणे, नमस्कार करणे, हेसुद्धा वर्षभरात विसरायला होते. आई धुण्याभांड्याची कामे करत असेल तर ती सोडते. म्हणजे एक मूल घरी बसले की दोन माणसे घरी बसतात. ही गोष्ट आम्ही एका घरात नाही, अनेक घरांत पाहिली आहे. आणि प्रत्येक घरात रात्री अंथरुणावर पडल्यावर आईबापाच्या मनात एकच प्रश्न असतो. आम्ही गेल्यावर याचे कोण करणार?

आमचे म्हणणे असे आहे की या प्रश्नाचे उत्तर आपण म्हातारपणी शोधायला बसतो, तिथेच उशीर होतो. अठराव्या वर्षाची तयारी चौदाव्या वर्षी सुरू झाली पाहिजे, आणि ती घरात सुरू झाली पाहिजे. अमेरिकेत १९९० पासून कायदाच असा आहे की विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, सोळाव्या वर्षापर्यंत, शाळा सुटल्यावर पुढे काय याची लेखी योजना शाळेने तयार करायची. आपल्याकडे ती योजना बहुधा आईबापालाच करावी लागते. मग ती आपण करू या. कागद, पेन आणि घरातली माणसे एवढे भांडवल त्याला पुरते.

पण त्याच्याआड एक जुनी अडचण येते. अजूनही आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून येते, "मागच्या जन्मी काय पाप केलं म्हणून हे पदरी आलं." बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्माच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारलेला आहे. ज्या सिद्धांताने आपल्या आज्या-पणज्यांना गावाबाहेर ठेवले, तोच सिद्धांत आपण आपल्याच लेकराच्या गळ्यात कसा बांधायचा? बाळंतपणात अडकलेले मूल, वेळेवर न मिळालेला प्राणवायू, मेंदूज्वर, जन्मतः असलेला गुणसूत्रांचा फरक, अशी कारणे असतात. काही वेळा कारण सापडतच नाही. पण पाप हे त्यातले एकही कारण नाही. हे एकदा मनातून गेले की लाज जाते. लाज गेली की मूल घराबाहेर पडते. आणि मूल घराबाहेर पडल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही.

आता करायचे काय ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, मुलाला विचारा. हसू नका. आपण त्याला कपडे कोणते घालायचे हेसुद्धा विचारत नाही, मग पुढे काय करायचे हे कुठून विचारणार? ज्याला बोलता येते त्याला सरळ विचारा. ज्याला बोलता येत नाही त्याच्यापुढे दोन वस्तू ठेवा, दोन फोटो ठेवा, तो कशाकडे हात करतो ते पाहा. कोणत्या कामात तो वेळ विसरतो, कोणत्या आवाजाने घाबरतो, माणसांत खुलतो की एकटा बरा असतो, हे महिनाभर एका वहीत लिहा. आमच्यातल्या एका मुलीला सगळ्यांनी शिवणकामाला घातले होते, कारण मुलगी म्हटली की शिवण. ती सुई हातात धरायची नाही. वहीत लिहायला लागल्यावर आईच्या लक्षात आले की घरातली भांडी मापाप्रमाणे लावून ठेवण्यात ती तासभर रमते. आज ती एका औषधांच्या दुकानात खोकी उतरवून फळीवर रचायचे काम करते. ती आधीही बरेच काही सांगत होती. ते पाहायला कोणी बसले नव्हते, एवढेच.

दुसरी गोष्ट, घरातली कामे. चौदा वर्षांच्या मुलाला आपण आंघोळ घालतो, भरवतो, बटणे लावून देतो, कारण ते लवकर होते. प्रेमही असते त्यात. पण हात धरून ठेवलेले मूल चालायला शिकत नाही. शिकवायची रीत सोपी आहे. काम कितीही छोटे असो, त्याचे तुकडे करा. शर्ट घालायचा तर एक बाही, दुसरी बाही, पुढे ओढणे, मग एकेक बटण. सुरुवात शेवटच्या तुकड्यापासून करायची. तुम्ही सगळी बटणे लावा, शेवटचे बटण त्याला लावू द्या. जमले की शेवटची दोन. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. मदतही अशीच कमी करत जायची. आधी हातावर हात धरून, मग नुसते कोपराला बोट लावून, मग तोंडाने सांगून, मग नुसत्या खुणेने, आणि शेवटी गप्प राहून. हे गप्प राहणे आपल्याला सर्वांत जड जाते!

कुकर लावायचा तर तीन शिट्ट्या मोजाव्या लागतात, आणि मोजता येत नाही. मग ओट्यावर बाटलीची तीन बुचे ठेवा. एक शिट्टी झाली की एक बूच वाटीत टाकायचे. बुचे संपली की गॅस बंद. गणित न येणारी मुले याच रीतीने आमच्या घरी भात लावतात.

हे खरेच होते का, असे कोणाला वाटेल. १९७० च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड नावाचे शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असे लोक म्हणत होते, अशा बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना त्यांनी अनेक सुट्या भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला, तोही फारसे न बोलता, कामाचे तुकडे पाडून. त्यांचे म्हणणे साधे होते. शिकणाऱ्याला जमले नाही तर शिकवणाऱ्याने दुसरी रीत शोधावी. आम्हाला हे फार पटले. पोरगा शिकत नाही असे म्हणण्याआधी आपण रीत किती वेळा बदलली, ते मोजावे.

तिसरी गोष्ट, पैसा आणि रस्ता. दुकानात पाठवायचे तर सुट्ट्या पैशांची भीती. त्याला एक युक्ती आहे. आपले मराठी आकडे बोलताना कानाला फसवतात. चौतीसमध्ये तीस ऐकू येते, पण एकोणतीसमध्येही तीसच ऐकू येते, आणि बावन्न, त्रेसष्ट म्हटले तर काहीच उमगत नाही. म्हणून दुकानदाराला सांगून ठेवा, "दादा, किंमत कागदावर आकड्यात लिहून दाखवा." मुलाने फक्त पहिला आकडा पाहायचा आणि दहाच्या नोटा त्याहून एक जास्त द्यायच्या. ३४ रुपये असतील तर पहिला आकडा तीन, म्हणून नोटा चार. उरलेले पैसे परत येतात. शंभराच्या आतले सगळे व्यवहार यात बसतात. एकाच दुकानापासून सुरुवात करा, दुकानदाराची ओळख करून द्या. मोबाईलवरून पैसे देणे शिकवले तर त्यासाठी वेगळे खाते ठेवा आणि त्यात थोडेच पैसे ठेवा, म्हणजे कोणी फसवले तरी मोठे नुकसान होणार नाही.

रस्त्याचेही तसेच. आधी त्याच्याबरोबर चाला, मग दोन पावले मागे, मग रस्त्याच्या पलीकडून, मग बसस्टॉपवर सोडून पुढच्या स्टॉपवर उभे राहा. खिशात नाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. हरवला तर काय करायचे याचीही तालीम घ्या. पोलिसाकडे किंवा बसच्या कंडक्टरकडे जाऊन चिठ्ठी दाखवायची, एवढे आले तरी पुष्कळ झाले.

चौथी गोष्ट आपण बोलायला लाजतो, पण आज बोलणार आहोत. मुलाचे मन लहान राहिले तरी शरीर वाढते. मुलीला पाळी येते, मुलाला मिसरूड फुटते. पाळीबद्दल मुलीला पहिल्या पाळीआधीच शिकवायला हवे. पॅड कसे लावायचे, कुठे टाकायचे, कोणापुढे बोलायचे आणि कोणापुढे नाही. तेही तुकडे पाडून शिकवता येते. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण दिले गेले. देशभर त्यावर वादळ उठले. आज २०१६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की ज्या उपचाराने मूल होण्याची क्षमता जाते, असा उपचार दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. असे असूनही आजही कोणी आईला सांगतो, पिशवीच काढून टाका म्हणजे कटकट मिटेल. ताईंनो, पिशवी काढल्याने पाळी थांबते, मुलीवरचा अत्याचार थांबत नाही. तो थांबवायला तिला 'नाही' म्हणायला शिकवावे लागते. नको असलेला हात ढकलायला आणि घरी येऊन सांगायला शिकवावे लागते. आणि तिने सांगितले तर तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो, मग तो हात नातेवाइकाचा का असेना.

लग्नाबद्दलही दोन शब्द. लग्न हा औषधोपचार नाही. "लग्न लावून द्या, सुधारेल" असे म्हणणारे लग्नानंतर दारात फिरकत नाहीत. ज्या दिव्यांग मुलामुलींना संसार कळतो, हवा असतो, त्यांनी जरूर करावा, त्यांचा तो हक्क आहे. मात्र समोरच्यापासून काही लपवून केलेले लग्न दोन घरे मोडते.

पाचवी गोष्ट, काम. इथे दोन वाटा आहेत. ज्यांची दृष्टी, ऐकणे किंवा हातपाय अधू आहेत पण अभ्यास जमतो, त्यांच्यासाठी शिक्षण हीच वाट आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, नेहमीच्या शाळेत जमत नसेल तर मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत, सरकारी नोकरीत ४ टक्के. दिसत नसेल तर पडद्यावरचे वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर संगणकावर फुकट मिळते. ऐकू येत नसलेल्यांसाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. मुंबईत चुनाभट्टीजवळ दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे करिअर सेवा केंद्र आहे. जुन्या माणसांना ते व्ही.आर.सी. म्हणून माहीत असेल. तिथे कोणते काम जमेल याची चाचणी घेतात आणि प्रशिक्षणाची वाट दाखवतात.

दुसरी वाट बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची. त्यांच्यासाठी आपल्या राज्यात कर्मशाळा आहेत. तिथे मेणबत्त्या, फाइली, पाकिटे बनवायला शिकवतात. कर्मशाळा चांगलीच आहे, पोरगा घरी बसण्यापेक्षा शंभरपट बरी. पण आमच्या बाईंचा अनुभव असा की या मुलांना एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी नेता येत नाही. दहा वर्षे मेणबत्त्या केलेला मुलगा हॉटेलात भांडी लावायला गेला की शून्यापासून सुरुवात. म्हणून जिथे काम करायचे तिथेच शिकवायचे. पहिले काही आठवडे एक जाणते माणूस त्याच्याबरोबर उभे राहते, कामाचे तुकडे पाडते, मालकाला आणि बरोबरच्या पोरांना त्याच्याशी कसे बोलायचे ते सांगते, आणि हळूहळू बाजूला होते. याला जॉब कोच म्हणतात. हा जॉब कोच त्याची मावशी असू शकते, निवृत्त शिक्षक असू शकतो, वस्तीतला कॉलेजचा मुलगा असू शकतो.

मुंबईत अशी उदाहरणे घडलेली आहेत. २०१५ साली पवईला 'मिर्ची अँड माइम' हे हॉटेल सुरू झाले, तिथे ऐकू न येणारी मुले वेटर म्हणून उभी राहिली आणि गिऱ्हाईक खुणांनी ऑर्डर देऊ लागले. २०१८ साली जुहूला 'कॅफे अर्पण' सुरू झाले, तिथे स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेली तरुण मंडळी पदार्थ करतात आणि वाढतात. पण प्रत्येकाला पवई-जुहूला जाता येणार नाही. आपल्या नाक्यावर काय कमी आहे? किराणा दुकानात पुड्या बांधणे, लाँड्रीत कपड्यांच्या घड्या, केटरिंगवाल्याकडे भाजी निवडणे, झेरॉक्सच्या दुकानात कागद लावणे, हॉलच्या खुर्च्या मांडणे. दोन तासांपासून सुरुवात करा. एकच विनंती, त्याला फुकट राबवू नका. "त्याला काय कळतंय पैशाचं," असे म्हणून चहा-बिस्किटावर काम करून घेणारे आम्ही पाहिले आहेत. पहिल्या पगाराचे पाकीट हातात आल्यावर त्या पोराचे तोंड पाहा, मग कळेल त्याला काय कळते ते!

सहावी गोष्ट, कागद. इथे भराभर सांगतो, ज्यांना लागेल त्यांनी लिहून घ्या. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड आधी. त्यावर नूतनीकरणाची तारीख आहे का ते पाहा. बौद्धिक अक्षमता असेल तर अठराव्या वर्षी ते पुन्हा करून घ्यावे लागते. त्याबरोबर जातीचा दाखला काढाच. दिव्यांगांचे आरक्षण समांतर असते, म्हणून आपल्या मुलांना दोन्ही कागद लागतात. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या, त्याचा फायदा आपल्या दिव्यांग मुलांनाही आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करा, रक्कम आणि उत्पन्नाची अट वेळोवेळी बदलते, तिथेच विचारून घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, त्यात १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. गावाकडे राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीत विचारावे, स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातून ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो.

पालकत्वाचा कागद फार कमी लोकांना माहीत आहे. अठरा वर्षे झाली की मूल कायद्याने सज्ञान होते, आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. प्रत्येकाला पालक लागतोच असे नाही. ज्याला समजते त्याने आपली सही आपण करावी. पण ज्यांना खरेच गरज आहे, आणि जे वर सांगितलेल्या चार प्रकारांत येतात, त्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. आणि सरकारी नोकरीत किंवा रेल्वेत असणाऱ्यांनी आजच्या आज एक काम करावे. ज्या अपत्याला दिव्यांगत्वामुळे स्वतः कमावता येत नाही, त्याला काही अटींवर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी आपण हयात असतानाच मुलाचे नाव आणि प्रमाणपत्र पेन्शनच्या कागदांत नोंदवून ठेवा. आमच्या ओळखीच्या एका वडिलांनी नोंद केली नाही. ते गेल्यावर त्या आईने एका कार्यालयात किती चकरा मारल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एक कारकून तिला म्हणाला, "बाई, हा मुलगा तुमचाच कशावरून?" पंचवीस वर्षे त्याला कडेवर वागवणाऱ्या बाईला हा प्रश्न!

आणि अठरा झाल्यावर मतदार यादीत नाव घाला. पैसा-अडका नंतर. ज्या संविधानाने आपल्याला एक माणूस, एक मत दिले, त्याने ते आपल्या या लेकरालाही दिले आहे. बोटावरची शाई दाखवत तो चाळीत फिरला की लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

आता पुन्हा त्या रात्रीच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही गेल्यावर कोण? बहुतेक घरांत याचे उत्तर धाकट्या बहिणीच्या किंवा भावाच्या डोक्यावर न विचारता ठेवलेले असते. त्या मुलीला दहा-बारा वर्षांची असल्यापासून सांगितले जाते, "तुझ्या दादाला तूच बघायचंस." ती 'हो' म्हणते, कारण दुसरे काय म्हणणार? आमचे म्हणणे, तिला नीट बसवून विचारा. तिला किती झेपेल ते तिने सांगावे. कोणी पैसे पाहील, कोणी दवाखाना पाहील, कोणी दर रविवारी जेवायला नेईल. एकाच माणसावर सगळा भार टाकला की तो एक दिवस मोडतो. तोच भार पाच जणांत वाटला तर कोणाला जड होत नाही.

त्यासाठी दोन कामे आतापासून करता येतात. एक, मुलाची वही. त्यात औषधे, डॉक्टर, काय खातो, कशाने शांत होतो, झोपताना दिवा लागतो की नको, कोणाला ओळखतो, हे सगळे लिहा. आईच्या डोक्यात असलेले सगळे त्या वहीत यायला हवे, कारण आईबरोबर ते जाते. दुसरे, मुलाला वर्षातून दोन-चार वेळा मामाकडे, मावशीकडे दोन रात्री राहायला पाठवा. पहिल्या रात्री तो रडेल, तुम्हीही रडाल. तिसऱ्या वेळी तो स्वतः पिशवी भरेल. आईशिवायची पहिली रात्र आईच्या मृत्यूची रात्र असू नये, एवढ्यासाठी हे करायचे.

शेवटी आपल्या विहाराकडे आणि वस्तीकडे आमची तीन मागणी आहेत. पहिली, विहाराच्या तीन पायऱ्यांशेजारी एक उतार बांधावा, म्हणजे खुर्चीतल्या पोरांना उचलून आणावे लागणार नाही. दुसरी, रविवारच्या मुलांच्या वर्गात आमची मुले बसवावीत, आणि बुद्धपौर्णिमेला, चौदा एप्रिलला त्यांना कामे द्यावीत. पाणी वाटणे, फुले मांडणे, खुर्च्या लावणे. पाहुणे म्हणून कोपऱ्यात बसवू नयेत. तिसरी, ज्यांचे दुकान, गाळा, केटरिंग, वर्कशॉप आहे, त्यांनी वर्षातून एका मुलाला दोन महिने कामावर घेऊन पाहावे. शिकवायला आमचे माणूस येऊन उभे राहील. जमले नाही तर परत पाठवा, आम्ही रागावणार नाही. पण न पाहताच "याला जमणार नाही" असे म्हणू नका. "तुम्हाला जमणार नाही" हे शब्द आपल्या समाजाने फार ऐकले आहेत. शाळेच्या बाहेर बसून ऐकले आहेत. आणि जमते की नाही ते आपण दाखवून दिले आहे.

ज्यांच्या घरी असे मूल आहे आणि जे आजवर आमच्या बैठकीला आले नाहीत, त्यांनी संकोच करू नये. मुलाला घेऊनच यावे. ते ओरडेल, पळेल, चहा सांडेल, काही हरकत नाही. आमचीही तेच करतात. चौदा वर्षांचे असेल तर वेळ भरपूर आहे. तीस वर्षांचे असेल तरी शेवटच्या एका बटणापासून सुरुवात करता येते.